विंडोज ११ टाकल्यावर विन+एक्स मेनूतला ॲडमिनवाला कमांड प्रॉम्प्ट गायब, परत कसा आणायचा?

शाईदौत

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय कारण अर्धवट सांगितलं की उत्तरंपण अर्धवट येतात आणि मग चार दिवस त्यातच जातात.

आमचं डीटीपी आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे, कराडजवळ. तीन कॉम्प्युटर, दोन लेझर प्रिंटर, एक कलर. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून आज करू उद्या करू चाललं होतं, शेवटी दिवाळीची गर्दी ओसरल्यावर तिन्ही मशीनवर विंडोज ११ टाकलं. फाइली, फॉन्ट, प्रिंटरचे ड्रायव्हर सगळं जागच्या जागी आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

पण माझा हात दिवसातून दहा वेळा जिथे जातो ती गोष्टच तिथे नाहीये. विंडोजचं बटण आणि एक्स दाबलं की स्टार्टपाशी जो मेनू उघडतो त्यात मला कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची खिडकी) आणि त्याखाली ॲडमिनवाला कमांड प्रॉम्प्ट असायचा. आता तिथे टर्मिनल आणि टर्मिनल ॲडमिन असं आलंय. ते उघडलं की ओळीच्या सुरुवातीला पीएस लिहिलेलं येतं, म्हणजे पॉवरशेल, कमांड द्यायचा दुसरा प्रोग्रॅम. मला पॉवरशेल येत नाही, शिकायला हरकत नाही पण गिऱ्हाईक समोर उभं असताना शिकता येत नाही.

नुसतं दिसायला वेगळं असतं तर धागा काढला नसता. शनिवारी काय झालं ते सांगतो. एका मुलाचा ६८ पानांचा प्रोजेक्ट चाळिसाव्या पानाच्या आसपास अडकला, प्रिंटरच्या यादीतून डिलीट करायला गेलं तर नुसतं डिलीटिंग डिलीटिंग दाखवत बसलं. हे आमच्याकडे नेहमीचं आहे आणि त्याचा उपायही माझा ठरलेला आहे, तीन ओळी. आधी नेट स्टॉप स्पूलर (स्पूलर म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणारा विंडोजचा भाग), मग विंडोजच्या सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरातला प्रिंटर्स नावाचा फोल्डर डेलने रिकामा करायचा, मग नेट स्टार्ट स्पूलर. (इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं; डेलच्या ओळीत तिरकी रेघ आणि क्यू, आणि वाटेत दोन टक्क्यांच्या चिन्हांमध्ये सिस्टिमरूट.) पहिली ओळ चालली. दुसऱ्या ओळीला लाल अक्षरांचा मोठा परिच्छेद आला, मी घाईत होतो, तो वाचलाच नाही. तिसरी ओळ चालली. प्रिंटर गुरगुरला म्हणून मला बरं वाटलं आणि मी मागच्या आजोबांचा सातबारा प्रिंटला दिला. आतून निघाला तोच प्रोजेक्ट, पुन्हा पहिल्या पानापासून. ते आजोबा वीस मिनिटं उभे होते, त्यांना तहसीलला जायचं होतं. मला फार वाईट वाटलं.

तर प्रश्न दोन. तो शॉर्टकट परत आणता येतो का? आणि तीच ओळ तिथे का चालली नाही?

परभणीकर

सोपंय भाऊ. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार. तिथे "कमांड प्रॉम्प्टच्या जागी पॉवरशेल दाखवा" अशा अर्थाचं एक बटण आहे ते बंद करा. मी स्वतः केलंय.

शाईदौत

परभणीकर, ते मीपण विंडोज १० वर केलं होतं आणि मस्त चालत होतं. ११ मध्ये टास्कबारच्या सेटिंगमध्ये ते बटणच सापडत नाहीये, तिन्ही मशीनवर शोधलं, सर्चमध्ये टाकून पण बघितलं.

वडाचा पार

ते बटण ११ मध्ये नाहीच, त्यामुळे शोधू नका. आधी थोडं मागचं सांगतो म्हणजे गोंधळ जाईल.

विन+एक्स मेनू आला २०१२ साली विंडोज ८ बरोबर. स्टार्ट मेनूच काढून टाकला होता ना तेव्हा, म्हणून जाणकार लोकांना पटकन लागणाऱ्या गोष्टी त्या कोपऱ्यात दिल्या होत्या. त्यात कमांड प्रॉम्प्ट होता. पुढे २०१७ च्या एप्रिलमध्ये विंडोज १० चं क्रिएटर्स अपडेट आलं त्यात त्या दोन ओळींच्या जागी पॉवरशेल आलं आणि ज्याला जुनं हवं त्याच्यासाठी परभणीकर म्हणतात ते बटण ठेवलं. कंट्रोल पॅनेलपण त्याच सुमारास त्या मेनूतून गेलं. आणि आता विंडोज ११ मध्ये पॉवरशेलच्याही जागी टर्मिनल आलं.

आता मुख्य मुद्दा, आणि हा कळला की तुमचं निम्मं काम झालं. टर्मिनल आणि पॉवरशेल या एक गोष्टी नाहीत. टर्मिनल म्हणजे नुसती खिडकी. तिच्या आत कोण बसणार, पॉवरशेल की कमांड प्रॉम्प्ट, हे आपण ठरवायचं. कमांड प्रॉम्प्ट विंडोजमधून गेलेला नाही, सीएमडी नावाची फाइल सिस्टिम३२ मध्ये पूर्वी होती तिथेच आहे. फक्त दारावरची पाटी बदललीय.

म्हणून असं करा. टर्मिनल उघडा, कंट्रोल आणि स्वल्पविराम एकत्र दाबा, सेटिंग्ज उघडेल. डावीकडे पहिलंच स्टार्टअप. उजवीकडे सगळ्यात वर डिफॉल्ट प्रोफाइल, तिथे विंडोज पॉवरशेल असेल ते बदलून कमांड प्रॉम्प्ट निवडा आणि खाली सेव्ह दाबायला विसरू नका, बरेच जण तिथेच विसरतात आणि झालं नाही म्हणतात. आता खिडकी बंद करून विंडोज+एक्स आणि मग ए. परवानगीचा प्रश्न येईल, हो म्हणा, आणि समोर तुमचा कमांड प्रॉम्प्ट, ॲडमिनच्या अधिकारासकट. टॅबवर ॲडमिनिस्ट्रेटर लिहिलेलं दिसेल ती खूण. म्हणजे मेनूत नाव टर्मिनलचं राहील पण हाताची सवय तीच, विंडोज एक्स ए.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर रात्री लिहितो, आता निघायचंय.

उंबरठा

एवढं करायची पण गरज नाही. पॉवरशेलमध्ये नुसतं सीएमडी टाइप करून एंटर मारा, त्याच खिडकीत कमांड प्रॉम्प्ट सुरू होतो आणि ॲडमिन असेल तर ॲडमिनच राहतो. मी रोज हेच करतो.

गुळपोळी

माझ्याकडे तर टर्मिनल ॲडमिनवर क्लिक केलं की उघडतच नाही. डब्ल्यूटी नावाची फाइल सापडत नाही अशी पाटी येते. हा वेगळा प्रॉब्लेम आहे का? धागा पळवत असेन तर सांगा, वेगळा काढते.

वडाचा पार

गुळपोळी ताई, इथेच विचारा, विषय तोच आहे. सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग ॲडव्हान्स्ड ॲप सेटिंग्ज, मग ॲप एक्झिक्युशन एलियसेस. त्या यादीत टर्मिनलच्या समोरचं बटण बंद असेल ते चालू करा. आधीच चालू असेल तर एकदा बंद करून चालू करा. तरीही नाही झालं तर स्टोअरमधून विंडोज टर्मिनल पुन्हा इन्स्टॉल करा. त्या मेनूतली ओळ त्या एलियसवर, म्हणजे डब्ल्यूटी या छोट्या नावावर, अवलंबून असते, एखाद्या क्लीनर प्रोग्रॅमने किंवा आपणच कधीतरी बंद केलं की ही पाटी येते.

गुळपोळी

बंदच होतं! चालू केल्याबरोबर उघडलं. मनापासून धन्यवाद, दोन महिने मी सर्चमधून उघडत होते.

नागफणी

एवढे उपद्व्याप कशाला, सरळ ते परवानगी विचारणं बंद करून टाका. कंट्रोल पॅनेलमध्ये युजर अकाउंटला स्लायडर आहे तो एकदम खाली ओढायचा. नाहीतर लपलेलं ॲडमिनिस्ट्रेटर खातं चालू करून त्यातच काम करायचं. आमच्या इथे सगळ्या मशीन अशाच आहेत, कटकट नाही.

मनीप्लांट

नागफणी, राग मानू नका पण हे कुणी करू नये असं मला अगदी कळकळीने सांगायचंय. मी एका शाळेची कॉम्प्युटर लॅब सांभाळते. माझ्या आधी सगळ्या मशीनवर असंच होतं, स्लायडर खाली आणि मुलं ॲडमिन खात्यातूनच बसायची. एका पेनड्राइव्हमधून काहीतरी आलं आणि विचारणारं कुणी नसल्यामुळे थेट सगळीकडे बसलं, अकरा मशीन पहिल्यापासून फॉरमॅट करायला लागल्या, आठवीच्या मुलांनी वर्षभर केलेलं काम गेलं. आणि झेरॉक्सच्या दुकानात तर दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह येतात हो. शाईदौत दादांच्या दुकानात हे केलं तर दार उघडं टाकून झोपल्यासारखं आहे.

ती परवानगीची पाटी एका सेकंदाचं काम आहे, असू द्या.

माझ्याकडे एक अडचण आहे मात्र. मी आता मुलांना साधी खाती दिलीत आणि माझं ॲडमिन खातं वेगळं आहे. वर सांगितलेलं मी मुलांच्या खात्यात बसून केलं, डिफॉल्ट कमांड प्रॉम्प्ट केला, सेव्ह केलं. पण टर्मिनल ॲडमिन उघडताना माझा पासवर्ड टाकला की आत परत पॉवरशेलच. साधं टर्मिनल उघडलं तर बरोबर कमांड प्रॉम्प्ट. असं का?

वडाचा पार

मनीप्लांट, स्लायडरबद्दल तुम्ही लिहिलंत त्याला शंभर टक्के सहमत.

तुमचं कारण असं की टर्मिनलच्या सेटिंग्ज प्रत्येक खात्याच्या वेगळ्या असतात. तुम्ही जेव्हा तुमचा पासवर्ड टाकता तेव्हा ती खिडकी मुलाच्या खात्यात बसून उघडली तरी चालते तुमच्या खात्याच्या नावाने आणि तुमच्या सेटिंग्ज वाचते. तुमच्या ॲडमिन खात्यातून एकदा लॉगिन करा, टर्मिनल उघडून तिथेपण डिफॉल्ट बदला, सेव्ह. मग होईल.

आता शाईदौत यांचा दुसरा प्रश्न, डेलची ओळ का चालली नाही. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं कारण शॉर्टकट गेल्याचा त्रास दिसतो तरी, हा त्रास दिसत नाही.

नेट ही स्वतंत्र फाइल आहे, सिस्टिम३२ मध्ये असते, त्यामुळे ती पॉवरशेलमधूनही तशीच चालते. म्हणून तुमची पहिली आणि तिसरी ओळ चालली. डेल मात्र कमांड प्रॉम्प्टच्या पोटातली कमांड आहे, तिची वेगळी फाइल नाही. पॉवरशेलमध्ये डेल लिहिलं तर चालतं पण ते टोपणनाव आहे, आतून रिमूव्ह-आयटम नावाची वेगळीच कमांड चालते, तिला तुमचा तिरकी रेघ आणि क्यू समजत नाही. शिवाय दोन टक्क्यांच्या चिन्हांमध्ये सिस्टिमरूट लिहायची तुमची पद्धत कमांड प्रॉम्प्टची, पॉवरशेल ते उलगडत नाही, तिथे डॉलर, ईएनव्ही, कोलन लावून लिहावं लागतं. म्हणून लाल परिच्छेद. फाइली होत्या तशा राहिल्या, स्पूलर चालू झाल्याबरोबर त्याने तिथे पडलेला जॉब उचलला आणि पहिल्यापासून छापला. त्या फोल्डरात एसपीएल आणि एसएचडी अशा जोड्या दिसतील, प्रत्येक जोडी म्हणजे एक अडकलेला जॉब.

निदान इथे एरर तरी आला. एससीचं बघा. कमांड प्रॉम्प्टमध्ये आपण एससी क्वेरी स्पूलर लिहून स्पूलर चालू आहे की बंद ते बघतो. विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेलमध्ये एससी हे सेट-कंटेंटचं टोपणनाव आहे, म्हणजे फाइलीत मजकूर लिहायची कमांड. तीच ओळ तिथे टाकली तर काहीच छापून येत नाही, एररही नाही, आणि तुम्ही ज्या फोल्डरात आहात तिथे क्वेरी नावाची एक फाइल तयार होते, तिच्या आत स्पूलर हा एक शब्द. तिथे एससीच्या पुढे डॉट ईएक्सई लिहायचं, मग बरोबर चालतं. दोन ॲम्परसँड टाकून दोन कमांड जोडायची सवय असेल तर तीही या पॉवरशेलमध्ये चालत नाही.

पॉवरशेल वाईट आहे असं अजिबात म्हणायचं नाही मला, मी स्वतः ऑफिसात दिवसभर त्यातच असतो. पण वर्षानुवर्षं पाठ झालेल्या ओळी कुठल्या खिडकीत टाकतोय ते बघून टाका.

शाईदौत

वडाचा पार, तुम्ही एवढा वेळ काढून लिहिलंत, खरंच आभार. मी आत्ता दुकानातल्या मशीनवर बघितलं, माझ्या युजर फोल्डरात क्वेरी नावाची फाइल पडलेली आहे! नोटपॅडमध्ये उघडली, आत स्पूलर. शनिवारी एरर यायच्या आधी मी तीपण कमांड मारली होती, काहीच आलं नाही म्हणून सोडून दिली होती. काढून टाकली.

डिफॉल्ट प्रोफाइल बदललं, विंडोज एक्स ए, उघडलं.

आडवाट

मला तर खरा मेनूच बदलायचा होता, म्हणून मी ॲपडेटाच्या लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, विनएक्स या फोल्डरात गेलो. तिथे ग्रुप १, २, ३ असे फोल्डर आहेत. माझा कमांड प्रॉम्प्टचा शॉर्टकट ग्रुप ३ मध्ये टाकला, एक्सप्लोरर रिस्टार्ट केलं, पण मेनूत दिसत नाही. कुणी केलंय का हे?

वडाचा पार

दिसणार नाही. त्या फोल्डरातल्या शॉर्टकटना आतून एक हॅश (शिक्क्यासारखा खुणेचा आकडा) लावलेला असतो आणि मेनू तो हॅश जुळला तरच ओळ दाखवतो. मुद्दाम केलंय ते, कुठल्याही प्रोग्रॅमने इन्स्टॉल होता होता स्वतःला तिथे घुसवू नये म्हणून. हॅश लावून देणारी बाहेरची टूल आहेत पण दुकानाच्या किंवा शाळेच्या मशीनवर मी ती सुचवणार नाही, पुढच्या मोठ्या अपडेटला परत सगळं पुसलं जाऊ शकतं.

कुणाच्या हातून त्या फोल्डरातल्या मूळच्याच ओळी उडाल्या असतील तर मात्र उपाय आहे. सी ड्राइव्हवर युजर्समध्ये डिफॉल्ट नावाचा लपलेला फोल्डर असतो, त्याच्या आत याच वाटेने गेलं की विनएक्सची कोरी प्रत मिळते. तिथून ग्रुपचे फोल्डर कॉपी करून आपल्याकडे टाकायचे, साइन आउट करून परत यायचं.

आडवाट

अच्छा, म्हणून. सोडून देतो मग.

मनीप्लांट

ॲडमिन खात्यात जाऊन बदललं, झालं. आता कुठल्याही खात्यातून माझा पासवर्ड टाकला की कमांड प्रॉम्प्टच येतो.

शाईदौत दादा, तुमच्यासाठी एक सुचवू का? तुमच्या तीन ओळी ठरलेल्या आहेत तर दरवेळी टाइप कशाला करता. नोटपॅडमध्ये तिन्ही लिहा आणि बॅट फाइल करून ठेवा. बॅट फाइल कुठूनही चालवली तरी ती कमांड प्रॉम्प्टच चालवतो, पॉवरशेलचा संबंध येत नाही, त्यामुळे ओळी अजिबात बदलायला नकोत. मग त्या फाइलवर राइट क्लिक करून तिचा शॉर्टकट डेस्कटॉपवर बनवा, शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड बटण, तिथे रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटरला टिक. हे शॉर्टकटलाच करता येतं, मूळ बॅट फाइलला ते बटण येत नाही. शेवटी पॉज हा शब्द टाका म्हणजे खिडकी लगेच बंद होणार नाही आणि एरर आला तर वाचता येईल.

आमच्या लॅबला मी असा शॉर्टकट करून त्याला प्रिंटर मोकळा करा असं मराठीत नाव दिलंय. शिपाईमामा पण वापरतात, मी रजेवर असले तरी अडत नाही. पासवर्ड मात्र मुख्याध्यापकांकडे.

उंबरठा

भारी कल्पना. फक्त एक, बॅट फाइलीत स्वतःच्या फोल्डरातल्या दुसऱ्या फाइलींचा उल्लेख असेल तर ॲडमिन म्हणून चालवताना ती सिस्टिम३२ मधून सुरू होते, तुमच्या फोल्डरातून नाही. तेव्हा वाटा पूर्ण लिहा. या तीन ओळींना तो प्रश्न नाही.

शाईदौत

मनीप्लांट ताई, हे मला सुचायला हवं होतं इतकी वर्षं. संध्याकाळी करतो.

अजून एक विचारतो, आमचे गिऱ्हाईकांचे फोल्डर देवनागरीत आहेत, लग्नपत्रिका, वास्तुशांती, दशक्रिया असे. दर रविवारी मी ते दुसऱ्या डिस्कवर कॉपी करतो, त्याचीपण बॅट करायचा प्रयत्न केला तर फोल्डर सापडत नाही म्हणतंय. नाव तर बरोबर लिहिलंय.

वडाचा पार

बॅट फाइल नोटपॅडमधून सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा, बीओएमवालं (फाइलीच्या सुरुवातीला लपलेली खूण टाकणारं) नको, साधं. आणि फाइलीत सगळ्यात वर सीएचसीपी आणि ६५००१ ही ओळ टाका, फोल्डरचं नाव तिच्या खालीच आलं पाहिजे. त्याने कमांड प्रॉम्प्ट अक्षरं यूटीएफ-८ म्हणून वाचतो. नाहीतर तो प्रत्येक देवनागरी अक्षराचे तीन वेगळे तुकडे समजतो आणि तसला फोल्डर कुठेच नसतो.

पडद्यावर जोडाक्षरं आणि वेलांट्या जरा मागेपुढे दिसतील, लग्नपत्रिकातला ग्न मोडलेला दिसेल, त्याकडे दुर्लक्ष करा, कॉपी बरोबर होते. जुन्या काळ्या खिडकीत नुसते चौकोन दिसायचे, त्यामानाने टर्मिनलमध्ये नाव वाचता तरी येतं.

परभणीकर

हे मला पण माहीत नव्हतं. आमच्या पतसंस्थेत सगळे फोल्डर गावांच्या नावाने मराठीत आहेत, आम्ही कॉपी करण्यासाठी मुद्दाम इंग्रजी नावं करत बसायचो.

गुळपोळी

खात्री कशी करायची की उघडलेली खिडकी खरंच ॲडमिनची आहे? माझ्या टॅबवर नाव अर्धवट दिसतं.

उंबरठा

नेट सेशन टाका. ॲडमिन नसाल तर सिस्टिम एरर ५ आणि ॲक्सेस डिनाइड येईल. ॲडमिन असाल तर यादी रिकामी आहे असं काहीतरी. दोन्हीकडे चालतं, पॉवरशेल असो की कमांड प्रॉम्प्ट.

शाईदौत

तिन्ही मशीनवर करून झालं, शेवटचं लिहितो म्हणजे पुढे कुणी हा धागा उघडला तर त्याला उपयोग होईल.

टर्मिनलचं डिफॉल्ट प्रोफाइल कमांड प्रॉम्प्ट केलं, विंडोज एक्स ए वर तोच उघडतो. तीन ओळींची बॅट फाइल केली, ॲडमिनचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवला. देवनागरी फोल्डरांची कॉपीपण झाली, दशक्रियाचं नाव पडद्यावर वेडंवाकडं आलं पण डिस्कवर उघडून बघितलं, सगळ्या फाइली आहेत. बॅटची चाचणी म्हणून मुद्दाम प्रिंटर बंद ठेवून चार जॉब सोडले, शॉर्टकटवर डबल क्लिक केलं, हो म्हटलं, प्रिंटर चालू केला. काहीच बाहेर आलं नाही, यादी रिकामी. मग एक साधं पान दिलं, ते लगेच आलं.

आणि ते सातबारावाले आजोबा आज परत आले होते, दुसऱ्या गटाचा उतारा हवा होता. त्यांच्या आधी एकाचं रंगीत पोस्टर अडकलेलं होतं. दोन मिनिटांत दिला.

मनीप्लांट

वाचून खूप बरं वाटलं दादा. बॅट फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर पण ठेवा, पुढच्या वेळी मशीन बदललं तर शोधायला नको.

शाईदौत

ठेवली ताई, दोन ठिकाणी.